नाण्यांची झबली

आमच्या घरात नाण्यांना झबली हायत. हसू नका, खरंच हायत. पांढऱ्या मऊ कापडाची, बाळाच्या झबल्यासारखीच, फक्त बाह्या न्हाईत आन् तोंडाला एक बारकं टिचबटन. एका झबल्यात एक नाणं. शिवलीत मीच. आत्ती म्हणत्यात, "माझ्या नातवापेक्षा ह्या म्हाताऱ्याच्या नाण्यांचीच कापडं जास्त झाली." आत्ती म्हंजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्ती म्हणायचं आन् सासऱ्याला मामा.

मामांची सगळी उमर गलाईत गेली. विट्याच्या भवतीनं आमच्या गावात घराआड एक माणूस गलाईला बाहीर असतोय, आता माझे मालक बी तिकडंच हायत, लांब तमिळ मुलखात, मामांच्याच दुकानात. सोनारानं आणलेली मोड, तुटलेली पैंजणं, वाकडे वाळे, सगळं मुशीत घालायचं, मूस म्हंजे मातीचं भांडं, ती भट्टीत लालबुंद करायची आन् शुद्ध सोनं-चांदी येगळी करून द्यायची. त्या मोडीत कवा कवा जुनी नाणी यायची. राजाचं तोंड असलेली, कुठल्या संस्थानाची, काय काय. मामांना ती मुशीत टाकवायची न्हाईत. तेवढ्याच वजनाची पदरची चांदी मुशीत घालायची आन् नाणं बाजूला ठिवायचं. असं करत करत बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा भरला.

त्यातलं पयलं नाणं म्हंजे चांदीची एक पावली, चार आण्याची. मामांचं नवीन लगीन झालेलं तवाची. सुट्टीला आले तवा त्यांनी ती आत्तींच्या हातावर ठिवली. आत्ती अजून सांगत्यात, "बाकीच्यांच्या नवऱ्यांनी साड्या आणल्या, माझ्यानं पावली आणली. ती बी परत डब्यात ठिवून घेतली!" पण त्या पावलीला दुसऱ्या कुणी हात लावला की लगीच म्हणणार, "ठिवा खाली, ती माझी हाय."

मी नववीतनं शाळा सोडली, लगीन झालं, वर्सात बाळ झालं. मला आधीपास्नं घाबरायची सवय. गॅसला भ्याची, पालीला भ्याची, मामांना तर लयच. त्ये नुसते खाकरले तरी माझा पदर डोक्यावर. आन् बाळ झाल्यावर तर भीतीला काय धरबंदच न्हाई राह्यला. त्ये झोपलं की मी नाकाखाली बोट धरून बघायची, श्वास चाललाय का. चालला असला तरी परत बघायची. आत्ती म्हणायच्या, "आगं बाई, झोपू दे की त्येला, नाकाला भोक पाडतीस का काय?"

मामा दुकान पोरावर टाकून कायमचे घरी आले आन् डबा बी आला. त्यात नाणी पिलॅस्टिकच्या पाकिटात हुती. एक दिवस बघत्यात तर पाकिटं चिकट झालेली, आन् दोनचार नाण्यांवर हिरवा मेणासारखा थर. मामांनी च्या बी घेतला न्हाई. आत्ती म्हणाल्या, "आणा हिकडं, चिंच लावून घासते, लखलखीत करून देते. दिवाळीला लक्ष्मीपुढं मांडायला बी हुतील."

मामा असे उठले की काय इचारू नका. "हात लावायचा न्हाई! चिंच लावली की तोंड पुसलं जातंय राजाचं. काळी हायत ती काळीच बरी दिसत्यात."

"व्हय व्हय, काळी बायको केली तवा न्हाई म्हणाला असं."

"तवाच तर म्हणलो."

आत्तींनी तोंड फिरवलं, पण हसत हुत्या, मला चुलीपाशी दिसलं.

मग मामा पयल्यांदा माझ्याशी सरळ बोलले. येरवी काय पायजे असलं तर बाळाला सांगायचे, "तुज्या आईला म्हणावं पाणी आण." त्या दिवशी मशीनपाशी यिऊन उभं राह्यले. माहेरनं मला पायमशीन दिलीया, त्यावर मी गावातल्या बायांचे ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल लावते. मामा म्हणाले, "पोरी, नाण्यांना पिशव्या शिवशील का? सुती पायजे. नवं कापड नको, नव्याला खळ असती. रंगीत नको, रंग उतरतोय. लोकर तर मुळीच नको, चांदी काळीठिक्कर पडती. धुऊन धुऊन झिजलेलं कापड पायजे, अंगाला लागत बी न्हाई असलं."

मी मान खाली घालून इचार करत हुते, असलं कापड कुठलं आणायचं. आन् समोर दोरीवर बाळाचे लंगोट वाळत हुते.

ते लंगोट म्हंजे मामांच्याच लुंग्या. तिकडं दुकानात सगळे पांढऱ्या सुती लुंग्या नेसत्यात, काठाला बारीक हिरवी किनार असती. मला सातवा म्हयना लागल्यावर आत्तींनी ट्रंकेतनं मामांच्या जुन्या लुंग्या काढल्या आन् टराटरा फाडल्या. आमच्याकडं बाळाला पयलं कापड नवं घालत न्हाईत, घरातल्या मोठ्या माणसाचं वापरलेलं घालायचं, तेवढं आयुष्य बाळाला लागतंय म्हणत्यात. आता बाळ रांगाय लागलं हुतं, लंगोट आखूड पडाय लागले हुते. मी म्हणलं, "मामा, ह्ये चालतील का?"

मामांनी दोरीवरचा एक लंगोट हातात घेतला, गालाला लावून बघितला. हिरवी किनार बघितली. "ही तर माझी लुंगी," म्हणाले. मग लंगोट परत दोरीवर टाकत, "चालंल. लय धुतलंय."

तर अशी ती झबली. कापड कापताना मी प्रत्येक नाणं कागदावर ठिवून पेन्शिलीनं गोल काढायची, शिवण बाहीरच्या अंगाला ठिवायची, म्हंजे आत नाण्याला दोरा घासत न्हाई. मामा शेजारी बसून बघायचे. बोलायचे न्हाईत, पण सुईत दोरा ओवून द्यायचे. पावलीचं झबलं किनारीच्या बाजूचं केलं, हिरवी रेघ आली त्याच्यावर, म्हंजे आत्तींची वळखू यावी. टिचबटन लावलं ते शोभेला न्हाई, भीतीनं. मला सारखं वाटायचं, रांगतं पोरगं हाय, एखादं नाणं घरंगळलं आन् त्यानं तोंडात घातलं तर? त्याच पाकिटातली उरलेली टिचबटनं बाळाच्या थंडीच्या बंडीला लावली. आत जुनी गोधडी घालून जाड बंडी शिवली हुती, अस्तराची, खांद्यावर बटनं.

हिवाळ्यात आत्तींच्या बहिणीच्या नातीचं बारसं निघालं, कोयनानगरला. सकाळची पयली एस्टी. आत्तींचा जीव निघंना. रोज तिन्हीसांजंला त्याच बाळाची दिष्ट काढायच्या, मीठ-मिरच्या ववाळून. माझ्यावर इस्वास न्हाई. "तुला चुलीत मिरच्या टाकायला सांगितलं तर तू खोकूनच मरशील," म्हणाल्या. जायच्या आधी त्यांनीच बाळाला आंघोळ घातली, बंडी घातली, मुके घेतले, काजळाची टिकली लावली आन् पळत स्टँडला गेल्या.

त्याच दिवशी मामांनी डबा काढला. मधनंअधनं त्ये नाण्यांना हवा देत्यात. सोप्यात चटई टाकून सगळी झबली वळीनं मांडत्यात, एकेक उघडून बघत्यात. बाळ त्यांच्या मांडीपाशी. मी मशीनवर. मामा पाणी प्यायला आत गेले, मी सुईत दोरा घालत हुते, तेवढ्यात बाळ खोकलं.

मी वळून बघितलं. बाळाच्या तोंडात झबलं हुतं, चावून चावून वलं केलेलं. मी ओढून काढलं. हिरव्या किनारीचं. बटन उघडं. आत काय न्हाई.

मी त्याच्या तोंडात बोट घातलं, काय न्हाई. चटई उचलली, काय न्हाई. त्ये परत खोकलं, लाळ गळली, डोळ्यात पाणी आलं. मी वराडले का गप राह्यले मला आठवत न्हाई, पण मामा तांब्या टाकून पळत आले, त्यो तांब्या सोप्यातनं पार उंबऱ्यापर्यंत घरंगळत गेला, त्येवढा आवाज मला आठवतोय. मामांनी बाळाला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या. आलं काय न्हाई. बाळ हसाय लागलं. त्याला वाटलं आजोबा खेळवत्यात.

"पावली," मामा म्हणाले. तोंड पांढरंफटक. "पावली गिळली त्यानं."

शेजारच्या भावजींची पिकअप दारातच हुती. मी हाय त्या साडीवर पुढं बसले, मामा बाजूला. वाटंत आत्तींना फोन लावला, लागंना, त्या घाटात रेंज कुठली. मालकांना लावला तर त्ये तिकडनं वराडत्यात, "केळं घाला केळं, केळ्याबरूबर खाली जातंय!" मामांनी फोन माझ्या हातातनं घेतला आन् म्हणाले, "तू भट्टीकडं बघ. हिकडं आमी हाय." आन् बंद केला.

विट्याला दवाखान्यात म्हणाले फोटो काढा पोटाचा. अंगावरचं चांदी-बिंदी काढा. मी त्याचे वाळे काढले, मनगट्या काढल्या, करदोटा सुद्धा सोडला, घुंगरू हुतं त्याला. बाळ हात-पाय झाडून रडत हुतं, खोलीत गारठा, त्या फोटो काढणाऱ्या पोरानं बंडी तशीच राहू दिली, लय गर्दी हुती त्याच्याकडं. आन् फोटोत दिसलं. काळ्यावर पांढरं, गोल. पोटाच्या मधोमध.

डॉक्टर म्हणाले, "नाणंच हाय. जठरात असंल तर खाली जाईल बी, पण अडकलं तर अवघड. सांगलीला घिऊन जावा, तिथं दुर्बिणीनं काढत्यात. भूल द्यायला लागंल, तवा तोंडात काय घालू नका. दूध बी न्हाई."

दूध बी न्हाई! विटा ते सांगली. बाळाला भूक लागली, त्ये माझा पदर वढाय लागलं, डोकं आपटाय लागलं छातीवर. मी त्याला खिडकीतनं ऊस दाखवते, ट्रॅक्टर दाखवते, त्ये बघंना. रडून रडून आवाज बसला त्याचा. माझा ब्लाऊज पुढनं सगळा भिजला, आन् मी त्याला पाजू शकत न्हाई. मी पदर घट्ट आवळून बसले. मामांना कळलं असंल, त्यांनी खांद्यावरचा टावेल काढून माझ्या मांडीवर ठिवला आन् तोंड दुसरीकडं केलं.

तासगावच्या पुढं आल्यावर मामा बोलले, माझ्याशी न्हाई, समोरच्या रस्त्याशी. "घरी गेलो की भट्टी पेटवतो. सगळी आटवतो. एक बी ठिवत न्हाई."

मी म्हणलं, "आवं मामा, आधी ह्याचं बघू की."

"तेच म्हणतोय. ह्याला काय झालं तर मी त्या डब्याकडं बघू कसा?"

भावजी गाडी चालवत नाकानं सूं सूं करत हुते. रडत हुते त्ये बी.

सांगलीच्या डॉक्टरीणबाई बारीक चणीच्या, चष्मा. त्यांनी विट्याचा फोटो उजेडापुढं धरला. बराच वेळ बघितला. मग बोट लावून म्हणाल्या, "ह्ये काय? हे बारके ठिपके?"

गोल पांढऱ्याच्या वर, खांद्यापाशी, वळीनं बारके ठिपके हुते. विट्यात कुणी तिकडं बघितलंच न्हाई, सगळ्यांचं डोळं त्या मोठ्या गोलावर. मी बघितलं आन् माझ्या तोंडातनं निघालं, "बाई, ती माझी टिचबटनं! बंडीची."

"म्हंजे बंडी अंगात असताना फोटो काढलाय? सगळी कापडं काढा. उघडा करा. परत फोटो."

मी बाळाची बंडी काढली, झबलं काढलं, लंगोट काढला. उघडं बाळ त्या गार पाटावर ठिवलं. त्यांनी मला बाहीर उभं केलं. मी बंडी छातीशी धरून भिंतीला टेकले. आतनं बाळ वराडतंय, मी बाहीर बंडी कुस्करतीया, पिळतीया, जशी कणीक मळावी तशी.

दार उघडलं, डॉक्टरीणबाई फोटो घिऊन आल्या. "पोटात काय न्हाई. घशात न्हाई, छातीत न्हाई. कुठंच न्हाई."

मामा म्हणाले, "मग मगाशी काय दिसलं?"

आन् तवाच माझ्या बोटाला लागलं. बंडीच्या पुढच्या अंगाला, खालच्या काठाशी, गोधडीच्या थरात, कडक. गोल. मी बंडी उलटी केली. अस्तराला माझी शिवण पांढऱ्या दोऱ्याची, बारीक मशीनची. आन् त्या शिवणीच्या बाजूला लाल दोऱ्याचे मोठे मोठे टाके, एक हिकडं एक तिकडं. असले टाके जगात एकच बाई घालती. आमच्या घरातल्या सगळ्या गोधड्यांना तेच टाके हायत.

"आत्ती," मी म्हणलं.

मी दातानं दोरा तोडला. राजाचं तोंड वर करून पावली माझ्या हातात पडली. गरम हुती, बाळाच्या अंगाची ऊब घिऊन बसलेली.

मामांनी ती घेतली न्हाई. नुसतं माझ्या हाताकडं बघितलं, मग मटकन बाकड्यावर बसले आन् तोंडावर दोन्ही हात धरले. खांदं हलत हुते. मला वाटलं रडत्यात. मग आवाज आला, हसत हुते. हसत बी हुते, रडत बी हुते. "माझी हाय, माझी हाय म्हणायची, शेवटी घेतलीच तिनं!"

मी बाईंना इचारलं, "पाजू का?"

"आता न्हाई पाजायचं तर कवा पाजणार?" त्या म्हणाल्या.

मी तिथंच वऱ्हांड्यात भिंतीशी खाली बसले. माणसं येजा करत हुती. मामा उठले, माझ्याकडं पाठ केली, टावेल दोन्ही हातांनी आडवा ताणून धरला, पडद्यासारखा. बाळाचं पोट भरंपर्यंत त्ये तसंच उभं. एकदा कुणीतरी इचारलं, "आजोबा, टावेल वाळवताय व्हय?" मामा म्हणाले, "व्हय. तुमी जावा पुढं."

आत्ती दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या, पिशवीत बारशाच्या घुगऱ्या घिऊन. बघत्यात तर अंगणात मामांनी जुनी शेगडी मांडलेली, कोळसे घातलेले, मूस ठिवलेली, शेजारी डबा. पेटवली न्हवती. बाळ बरं निघालं तरी मामांच्या मनातनं ती भीती गेली न्हवती, सकाळपास्नं एकच घोकत हुते, आज खोटं निघालं, उद्या खरं हुईल. मी इनवण्या केल्या तर म्हणाले, "तिची पावली हाय, ती आल्याबिगर पेटवत न्हाई."

मी आत्तींना सगळं सांगितलं. त्या पायरीवरच बसल्या. डोक्याला हात. "आगं मी दोन दिस न्हाई, दिष्ट कोण काढणार म्हणून घातली गं त्याच्यापाशी. चांदी हाय, माझी हाय, म्हणलं माझ्या जागी राहील. गडबडीत झबल्याचं बटन लावायचं राह्यलं असंल. तुला सांगायचं राह्यलं, एस्टी सुटत हुती." मग बाळाला कवळा घातला आन् रडल्या. मग रडून झाल्यावर पदरानं नाक पुसून मामांकडं वळल्या.

"आन् ह्ये काय मांडलंय?"

"आटवणार."

"आटवून तर बघा! आदी मला घाला त्या मुशीत."

"बसशील का तू त्यात?"

"हसू नका! साडी न्हाई आणली, दागिना न्हाई आणला, आयुष्यभर माणूस तिकडं आन् मी हिकडं, पावली तेवढी एक आणली ती बी आटवतोय म्हणे!"

मामा शेगडीकडं बघत म्हणाले, "पोरगं लहान हाय गं. मला भ्या वाटतंय."

मामांना भ्या वाटतंय. मला वाटायचं ह्या घरात भिणारी मी एकटीच. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आन् कधी न्हाई ते पुढं झाले, शेगडीपाशी गेले आन् डबाच उचलला. लय जड हुता. "मामा," मी म्हणलं, "भ्या मला बी वाटतंय, रोज वाटतंय. म्हणून काय आटवायचं व्हय? ह्यो डबा आता माझ्याकडं राहू दे."

कुणी काय बोलायच्या आत मी मशीनवर बसले. एकेक झबल्याचं टिचबटन उसवून काढलं आन् तोंडावर दुहेरी शिवण मारली. कायमची बंद. बाळाला तर उघडायची न्हाईतच, मोठ्या माणसाला बी कात्रीबिगर उघडायची न्हाईत. मामा शेजारी यिऊन बसले. जरा वेळानं सुईत दोरा ओवून द्याय लागले. पावलीचं झबलं आलं तवा आत्ती म्हणाल्या, "ह्ये माझ्याकडं द्या, मी टाके घालते." आन् घातले, लाल दोऱ्याचे, एक हिकडं एक तिकडं.

शेगडीवर त्या दिवशी आमी भुईमुगाच्या शेंगा भाजल्या.

आता मामांना नाणी बघायची लहर आली की त्ये कात्री घिऊन माझ्यापाशी येत्यात. सरळ माझ्याशीच बोलत्यात. "पोरी, ते संस्थानाचं जरा उसवतीस का? बघून लगीच देतो."

मी म्हणते, "आधी बाळाला मांडीवर घ्या. घट्ट धरा. मग उसवते."

त्ये मुकाट्यानं बाळाला घेत्यात, एका हातानं त्याचे दोन्ही हात धरत्यात, आन् मी उसवलेलं नाणं त्यांच्या दुसऱ्या तळव्यावर ठिवते. दोघं बी वाकून बघत्यात. बघून झालं की मी परत शिवते.